तीन खड्डे

६ जानेवारी

प्रांजलने आज विचारलं, "किणी सर, खोली कधी रिकामी होईल?"

मी म्हटलं, "मी मेअखेर रिटायर होतोय. त्या दिवशी मी आणि खोली, दोघेही एकदमच रिकामे होऊ."

तो हसला नाही. प्रांजल सामंत आमचा संचालक. एके काळी माझ्याकडून पंप उघडायला शिकला, आता मला तारखा देतो. त्याचं नवं यंत्र येणार आहे आणि त्यासाठी तळमजल्यावरची माझी प्रयोगशाळा त्याला मार्चअखेरच हवी आहे. मी बरं म्हणून आलो. भांडावंसंच वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

म्हणून ही डायरी. ज्युलियाला सांगितलं असतं तर ती उद्या मुलुंडला येऊन प्रांजलच्या टेबलासमोर उभी राहिली असती. ज्युलिया माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून चकाल्याच्या आमच्या घरी माझ्यासोबत राहते. खरं तर मी तिच्या ताब्यात राहतो.

७ जानेवारी

नीलमला खोलीचं सांगितलं. नीलम शेजवळ माझी शेवटची विद्यार्थिनी. प्रबंध जवळजवळ लिहून झालाय. म्हटलं, उरलेलं पान खरड, सादर कर आणि परदेशात अर्ज टाक.

ती म्हणाली, "सर, त्याआधी एक जागा शोधायची आहे."

मग तिने फळ्यावर गणित मांडलं. आम्ही लेझरने रुबिडियमचे अणू इतके थंड करतो की ते काचेच्या डबीत जवळजवळ उभेच राहतात. असे दोन अणू समोरासमोर आले की धडकतात आणि आपापल्या वाटेने जातात. पण बाहेरून लावलेलं चुंबकीय क्षेत्र नेमकं एका किमतीला आणलं, तर ते क्षणभर एकमेकांना धरून राहतात. याला पुस्तकात अनुनाद म्हणतात, आम्ही रेझोनन्स. तेवढ्यात तिसरा अणू येऊन आदळतो आणि तिघेही लेझरच्या सापळ्याबाहेर फेकले जातात. डबीतला अणूंचा ढग विरळ होतो, आलेखात खड्डा पडतो. नीलमचं गणित म्हणतं की एका ठिकाणी असा रेझोनन्स आहे जो अजून कुणी शोधलेला नाही. आणि तिथे एक नव्हे, तीन खड्डे पाहिजेत, अगदी शेजारी शेजारी, कारण ते दोन अणू एकमेकांभोवती फिरताना धरतात आणि त्या फिरण्याच्या तीन तऱ्हा आहेत.

"किती अरुंद?" मी विचारलं.

तिने आकडा सांगितला. मी चष्मा काढून पुसला. गवताच्या गंजीतली सुई बरी.

"आणि अर्ज?"

"भरते ना सर."

भरणार नाही. हुशार आहे, पण पुढे जायची हौस नाही. घाटकोपर ते मुलुंड एवढंच तिचं जग.

२० जानेवारी

शोध सुरू. क्षेत्र जरासं वाढवायचं, ढगाचा फोटो काढायचा, अणू मोजायचे, परत जरासं वाढवायचं. कंटाळा येईल असं वाटलं होतं. आला नाही.

ज्युलियाने विचारलं, सध्या काय करतोस. मी सांगितलं, खड्डे शोधतो.

ती म्हणाली, "त्यासाठी मुलुंडला कशाला जातोस? आपल्या गल्लीत मोप हाईत."

११ फेब्रुवारी

खड्डा!

दुपारी साडेतीनला. नीलमच्या गणितापासून थोडा सरकून, पण स्पष्ट. तिथे निम्मे अणू गायब. तिने लगेच तोच आलेख परत घेतला. परत तिथेच. तिसऱ्यांदा घेतला. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "सर, तीन नाहीत. एकच आहे, आणि जाड आहे."

मी म्हटलं, "एक तर आला ना. वडे आण."

आणले मीच. येताना प्रांजलच्या केबिनमध्ये डोकावून त्यालाही सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने सांगितलं असावं, बाहेरच्या दोघांनी माना वळवल्या. बऱ्याच वर्षांनी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरलो. गुडघा आत्ता बोलतोय.

१३ फेब्रुवारी

खड्डा नाही.

३ मार्च

अजून नाही. म्हणजे कधी कधी काहीतरी दिसतं, भलत्याच जागी, आणि पुढच्या तासाला तेही नसतं. आज सगळ्या विभागाच्या बैठकीत प्रांजलने विचारलं, "रेझोनन्सचं काय झालं?" मी म्हटलं, बघतोय. शांतपणे चहा पुढे केला गेला. लोकांची कीव अशी चहात साखर घालून येते.

नीलमला म्हटलं, आवरूया. आपल्या दोघांच्याही डोळ्यांनी धोका दिला.

"तो गेलेला नाही सर. हलतोय."

"खड्डा कसा हलेल?"

"खड्डा नाही. आपलं क्षेत्र हलतंय."

त्यावर मी आवाज चढवला. क्षेत्र ज्या कॉइलमधून येतं ती मी स्वतः गुंडाळली आहे, याच खोलीत, तांब्याच्या नळीचा एकेक वेढा हाताने बसवत. तिच्यातला विजेचा प्रवाह लाखात एका भागानेही हलत नाही. तसं तिला ऐकवलं. ती उठून बाहेर गेली. मागोमाग तिचा फोन वाजला. दार अर्धवट उघडं होतं, कानावर आलं. इंग्रजीत बोलत होती, एकदम नम्रपणे. आत्ता शक्य नाही, जूनच्या आधी नाहीच, तुम्हाला थांबायला लावतेय त्याबद्दल माफ करा, नसेल जमत तर दुसरं कोणी बघा.

आता उलगडलं. लग्नाचं बघताहेत. मुलाकडचे परदेशातले असणार, म्हणून इंग्रजी. आणि ही लाजेने मला सांगत नाही.

४ मार्च

नीलमला बसवून वडीलकीच्या नात्याने दोन शब्द सांगितले. मी स्वतः लग्न केलं नाही, त्यामुळे अधिकार नाही, पण चांगली माणसं फार थांबत नाहीत. प्रयोगापायी कुणाला ताटकळत ठेवू नये.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं सर."

"मग कळव त्यांना."

"कळवलंय." आणि ओठ दाबून लेझरकडे वळली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. मुलींचं मला कधीच कळलं नाही.

१७ मार्च

आज माझ्याच कॉइलने माझं नाक कापलं. म्हणजे शब्दशः नाही.

नीलमने आठवडाभर खपून एक पद्धत बसवली. क्षेत्र मोजायला बाहेरचं यंत्र न वापरता अणूंनाच विचारायचं. अणूला सूक्ष्मलहरींचा टोला दिला की तो नेमक्या एका सुराला उत्तर देतो, आणि तो सूर क्षेत्रानुसार बदलतो. प्रत्येक फोटोच्या आधी आणि नंतर विचारायचं, बाबा, आत्ता क्षेत्र किती?

सकाळी एक उत्तर. दुपारी दुसरं. पाचला तिसरं.

मी म्हटलं, प्रवाह बघ. प्रवाह दगडासारखा स्थिर. मग मी हात पुढे करून कॉइलला लावला. कोमट होती. आत पाणी खेळवून आम्ही ती थंड ठेवतो, पण ते पाणीच सकाळी एक आणि दुपारी एक. तांबं एक अंशाने तापलं की किंचित फुगतं. वेढा मोठा झाला की आत क्षेत्र कमी होतं. किती कमी? कागदावर हिशेब केला. त्या तीन खड्ड्यांच्या रुंदीपेक्षा जास्त.

प्रवाहावर मी पहारा ठेवला आणि तांबं माझ्या पाठीमागे श्वास घेत होतं.

नीलम म्हणाली, "कॉइल चांगलीच आहे सर. मुंबई गरम आहे." एवढं तिने म्हणायला नको होतं. त्याने आणखी लागलं.

१८ मार्च

गेलो नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

ज्युलिया मिरच्या वाळत घालत होती. उन्हाळ्यात ती आमच्या ख्रिस्ती घरांतला, वर्षभर बाटलीत भरून ठेवायचा मसाला करते, गल्लीतल्या अर्ध्या घरांना पुरवते. तासभर माझ्याकडे बघून म्हणाली, "ती पोरगी एकटी काम करते आणि तू हितं मिरच्यांवर बसलेल्या कावल्यासारखा बसलास. तिचं काय काय राहिलंय तुज्यामुलं, ठाव हाय?"

"काय राहिलंय?"

तिने मिरच्या उलटायला घेतल्या. मग म्हणाली, "नाय. काय नाय. उठ, आंघोल कर."

ज्युलिया आणि नीलम फोनवर बोलतात हे मला माहीत आहे. मसाल्याबद्दल.

२४ मार्च

प्रांजल स्वतः खाली आला. म्हणाला, नवं यंत्र बंदरातच अडकलंय, कागदपत्रांचा घोळ आहे, तेव्हा खोली मेअखेरपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या. नशीब म्हणतात ते हे. सरकारी घोळाचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

जाताना बघितलं तर मागच्या व्हरांड्यात चार मोठी लाकडी खोकी ताडपत्रीखाली रचून ठेवलेली. कुणाची आहेत कुणास ठाऊक. वाटेत येतात. उद्या तक्रार करायला हवी.

२ एप्रिल

पाणी थंड ठेवणारं यंत्र दर काही मिनिटांनी चालू-बंद होतं, आणि तेवढ्यानेही पाण्याचं तापमान वरखाली होतं. आम्ही कॉइल कायम चालू ठेवून बघितली, नळ्यांना फोम गुंडाळून बघितला. आलेखात आता खड्ड्याऐवजी एक पसरट घळ दिसते. फेब्रुवारीपेक्षा बरं. पण घळ दाखवून कुणी आपल्याला शाबासकी देणार नाही.

बाहेर पारा चढतोय. तो दर दिवशी चढणार आणि आमचं तांबं दर दिवशी फुगणार.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. नीलमने घरी बोलावलं होतं, घाटकोपरला. रस्ताभर निळे झेंडे, मोठाले स्पीकर, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. तिच्या आईने, कमलताईंनी, खीर केली होती. कमलताई पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत. नीलम खाली मिरवणूक बघायला गेली तेव्हा आम्ही दोघेच होतो.

मी विचारलं, "कमलताई, ते लोक अजून थांबलेत ना?"

त्या दचकल्या. "तुम्हाला सांगितलं तिने?"

"सांगितलं नाही. अंदाज आला."

"मग बरं झालं. मला लपवायला जमत नाही." त्यांनी खिरीची वाटी परत भरली. "थांबलेत सर. मार्चमध्येच जायचं होतं. तिने कळवून टाकलं, सरांचं काम उरकल्याशिवाय मी येणार नाही. मी म्हटलं अगं, अशी संधी परत येते का? तर म्हणते, आई, सरांना निरोप असा नाही द्यायचा."

"चांगली माणसं दिसतात."

"फार चांगली. म्हणाले, ये सावकाश."

मला जरा भरून आलं. मुलगी स्वतःचा संसार पुढे ढकलते आणि वर मला कळू देत नाही. परतताना ठरवलं, मेच्या आधी हे संपवायचंच. माझ्या कॉइलपायी कुणाचं लग्न मोडलं असं व्हायला नको.

१९ एप्रिल

उद्या ईस्टर. ज्युलियाने सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आंघोळीला गेलो, नळ सोडला आणि उडीच मारली. पाणी चटका बसेल इतकं गरम.

"गच्चीवरची टाकी दिवसभर तापते," ज्युलिया बाहेरून ओरडली. "पहाटेपर्यंत तशीच राहते. बालदीत काढून ठेव."

मी टॉवेल गुंडाळून मोरीत उभाच राहिलो. एवढं पाणी एकदा तापलं की पहाटेपर्यंत तसंच राहतं. म्हणजे थंड पाणीही एवढं असलं की तसंच राहील. थंड करणारं यंत्र चालू होवो, बंद होवो, मध्ये एक भलीमोठी टाकी असली तर तिला त्याचा पत्ताही लागणार नाही. आपण पाण्याला शिस्त लावत बसलो. पाणी फक्त वाढवायला हवं होतं.

टॉवेलवरच नीलमला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, किती लिटर?"

ज्युलिया म्हणते, चर्चला जायच्या दिवशी मला असं हसताना तिने लहानपणानंतर आजच बघितलं.

२४ एप्रिल

टाकी आली. काळी, गच्चीवर असते तसलीच. दारातून आत जाईना. नीलम म्हणाली खिडकी काढू, मी म्हटलं दार काढू. शेवटी दाराची चौकट काढली. आवाज ऐकून प्रांजल खाली आला. मला वाटलं आता बोलणार. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि टाकीला मागून खांदा लावला. तिघांनी ढकलून आत घेतली.

"चौकट मेअखेर परत बसवून द्या," एवढंच म्हणाला.

२८ एप्रिल

अणूंना विचारलं, क्षेत्र किती. सकाळी जे उत्तर, दुपारी तेच, पाचला तेच.

नीलमने तीनही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एकच रेघ दिसली.

२ मे

खड्डा परत आला आणि आज दिवसभर जागचा हलला नाही. आणि तो एक नाही, दोन आहेत. मधे बारीकसा उंचवटा. फेब्रुवारीत जो जाड दिसत होता तो जाड नव्हताच, आम्ही त्याला हलवून हलवून जाड केला होता.

६ मे

दोनच. तिसरा नाही. नीलमच्या गणितानुसार तो जिथे हवा तिथे आलेख सपाट आहे.

आज पहिल्यांदा तिचा चेहरा पडलेला बघितला. म्हणाली, "माझं गणित चुकलंय सर. तिसरा मीच घुसडला असेन. दोनावर लिहून टाकू. दोनही नवेच आहेत."

खरं सांगतो, मोह झाला. दोनावर वाहवा झाली असती. निरोपसमारंभ झकास झाला असता. तिचीही लवकर सुटका झाली असती.

पण मी फळ्यापाशी गेलो. तिचं जानेवारीतलं गणित तिने परत मांडलं होतं, तेच ओळीने वाचत गेलो. मी प्रयोगातला माणूस, गणितावर माझा फारसा विश्वास नसतो. दुपार गेली. ती मधे मधे म्हणत होती, सोडा सर. संध्याकाळी एका ओळीवर बोट ठेवलं.

"तिसऱ्याची ताकद इथे किती काढलीस?"

"बाकीच्यांच्या एक दशांश."

"म्हणजे तिथे अणू जातात, पण हळू जातात. आपण ढगाला किती वेळ देतोय?"

"एक सेकंद."

"एका सेकंदात त्याने काय करायचं? दहा दे."

"दहा सेकंद ढग टिकायला हवा सर. आपली निर्वात डबी तेवढी चांगली नाही."

"डबी माझी आहे," मी म्हटलं. "मी बघतो."

कॉइलवरून तिने मला शिकवलं होतं. आज तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की गणित बरोबर आहे. ती फळ्यासमोर उभी राहिली. मग सगळं पुसायला घेतलेलं डस्टर खाली ठेवलं.

८ मे

दोन दिवस डबी भट्टीसारखी तापवून आतली उरलीसुरली हवा उपसली. हे काम मी या खोलीत कितीदा केलंय, मोजदाद नाही. हात आपोआप चालले. नीलम म्हणाली, "सर, तुम्ही शीळ वाजवताय." मला माहीत नव्हतं.

ढग आता बारा सेकंद टिकतो.

९ मे

आज.

सकाळी नीलम माझ्याआधी आली होती. टाकीचं तापमान बघितलं, अणूंना क्षेत्र विचारलं, सगळं ठीक. पहिला खड्डा घेतला, खोल, भिंतीसारखा सरळ. दुसरा घेतला. मग दहा सेकंदांवर लावून तिसऱ्याच्या जागेकडे निघालो.

एकेक टिंब यायला पाऊण मिनिट लागतं. टिंब आलं, सपाट. पुढचं, सपाट. मी पंपाकडे जाऊन उगाच एक नट घट्ट केला. आधीच घट्ट होता.

"सर."

"काय?"

"या ना."

एक टिंब खाली होतं. एक टिंब म्हणजे काहीच नाही, एखादवेळी लेझर शिंकतो. पुढचं आलं, आणखी खाली. पुढचं आणखी. मग एक वर. मग परत सपाट.

आम्ही दोघेही हललो नाही. तिने उलट्या दिशेने परत घेतला. वरून खाली आलं तेव्हाही तिथेच. मी म्हटलं, क्षेत्र तेवढंच ठेव, वेळ परत एक सेकंद कर, तो जायला हवा. गेला. दहा कर. आला.

तीन खड्डे. दोन खोल, एक उथळ, आणि त्यांच्यातली अंतरं तिने जानेवारीत फळ्यावर लिहिली होती तीच.

नीलम उठली, खोलीच्या मध्यापर्यंत गेली, कमरेवर हात ठेवून टाकीकडे बघत राहिली. मग खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी काय करावं कळेना, म्हणून तिच्या शेजारी बसलो. गुडघा कडकडला. ती रडता रडता हसायला लागली. मीही. दार नसल्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांना आम्ही दोघे जमिनीवर बसलेले दिसत होतो आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

"आईला फोन कर," मी म्हटलं.

तिने केला. एवढंच म्हणाली, "आई, तिन्ही दिसले." पलीकडून कमलताई जे ओरडल्या ते मलाही ऐकू आलं.

मग प्रांजल. तो आलेखाजवळ वाकून बघत राहिला. म्हणाला, "एक असता तर मी म्हटलं असतं योगायोग. तीन, आणि आधी सांगून..." त्याने माझा हात धरला आणि सोडायचा विसरला.

घरी ज्युलियाला सांगितलं. तिने क्रूसासमोर मेणबत्ती लावली, मग माझ्यासमोर आमच्याकडचे मैद्याचे तळलेले फुगे आणि मटण ठेवलं आणि विचारलं, "मग आता ती जाऊ शकते ना?"

"कुठे?"

"घरी," ती म्हणाली. "आज थकली असेल."

१३ मे

काय वेग असतो बघा जगाचा. शुक्रवारी खड्डे दिसले, सोमवारी आम्ही निबंध जगजाहीर केला आणि आज नीलमच्या हातात ऑस्ट्रियातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचं बोलावणं. जूनपासून या म्हणतात. एका दिवसात. मी तिला म्हटलं, बघ, मी जानेवारीपासून सांगत होतो अर्ज भर, अर्ज भर. तू भरला नाहीस तरी काम बोलतं.

ती म्हणाली, "हो सर. तुमचंच बरोबर होतं."

मग मला मुलाची आठवण झाली. सावकाश विचारलं, आणि ते लोक? त्यांना चालेल तू ऑस्ट्रियाला गेलेली?

"कोण लोक सर?"

"तुझ्या... लग्नाचं बघत होते ते."

ती एवढी हसली की तिला लेझरच्या टेबलाला धरावं लागलं. म्हणाली, "सर, असं कोणी नाही. कधीच नव्हतं."

म्हणजे मोडलं. आणि हसून लपवतेय. मी पुढे काही विचारलं नाही. नुकसान त्यांचं आहे.

२३ मे

विभागात नीलमचं भाषण. मी पहिल्या रांगेत. कमलताई आणि ज्युलिया शेजारी शेजारी, दोघींनाही एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघीही मान डोलावत होत्या. शेवटी कुणीतरी विचारलं, क्षेत्र एवढं स्थिर कसं ठेवलंत? नीलमने पडद्यावर काळ्या टाकीचा फोटो दाखवला. हशा पिकला. ती हसली नाही. म्हणाली, "ही किणी सरांची. आणि कॉइलही सरांचीच. दुसऱ्या कुठल्या कॉइलवर हे दिसलं नसतं."

टाळ्या बऱ्याच वेळ वाजत होत्या. मी बुटाकडे बघत होतो.

३१ मे

शेवटचा दिवस. हार, नारळ, शाल. ते सगळं अकराला संपलं आणि मी खाली आलो.

नीलम यंत्रावर होती. दाराची चौकट अजून बसवलेली नाही. म्हणाली, "सर, पत्र आलंय. तुमच्याही नावाने."

ऑस्ट्रियातल्या त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं. त्यांनी आमच्या आकड्यांवर त्यांच्या यंत्राने शोध घेतला. तिन्ही खड्डे दिसले. तिथेच, तेवढ्याच अंतरावर, तिसरा उथळ. शेवटी लिहिलं होतं, 'इतके महिने वाट पाहिली त्याचं सोनं झालं.'

मी ते मोठ्याने वाचलं. म्हटलं, "बघ, तेही किती महिने वाट बघत होते या रेझोनन्सची. आपल्याला वाटायचं आपण दोघेच."

नीलमने जोरजोरात चष्मा पुसला. चष्मा पुसायची सवय माझी, तिला कधी लागली कोण जाणे.

बाराला प्रांजल किल्ली न्यायला आला. दार नाही तर किल्ली कसली, पण नियम आहे. मी खिशातून किल्ली काढली.

नीलम पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "सर, एक रन चालू आहे. चौथं काहीतरी दिसतंय, शेजारी. हे संपलं की किल्ली देऊ."

"चौथा?" मी म्हटलं. "तुझ्या गणितात तीनच आहेत."

"म्हणून तर."

प्रांजलने मागचं स्टूल पुढे ओढलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसला. पुढचं टिंब यायला पाऊण मिनिट होतं. किल्ली मी परत खिशात टाकली.

टिंब आलं. खाली होतं.